आधी तोंडात, मग पाटीवर: लहान मुलांना उद्गारवाक्य शिकवताना

केळी पडली.
केळी पडली?
केळी पडली!

शब्द तेच दोन. पहिल्या ओळीत बातमी आहे, दुसरीत चौकशी आहे आणि तिसरीत पोटात पडलेला खड्डा आहे. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. मे संपत आला की वारं सुटतं आणि घडांनी वाकलेली बाग घटकाभरात आडवी होते. तेव्हा बांधावर उभं राहून जे वाक्य तोंडून निघतं, ते या तिसऱ्या ओळीचं असतं. व्याकरणात त्याला उद्गारार्थी वाक्य म्हणतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. काही वर्षांपूर्वी अशाच एका वादळानंतर जूनमध्ये शाळा उघडली. पहिलीत नवा आलेला एक मुलगा तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या दंडाला कडकडून चावला. कारण काय, तर त्यानं याचं खोडरबर घेतलं होतं. मी रागावले. तो काही बोलला नाही. दात आवळून, डोळे फरशीवर लावून बसला. दुपारी खिचडी वाढताना मी त्याच्याजवळ टेकले आणि सहज म्हटलं, "येताना तुमच्या शिवारातून आले रे. केवढं वारं झालं!" त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "बाई, आख्खी केळी पडी गयी!" आणि मग तो रडला. ताटली बाजूला ठेवून, खांदे हलवत, मोठ्यानं रडला.

त्या दिवशी त्यानं पुन्हा कुणाला दुखावलं नाही. दुसऱ्या दिवशी एकाला ढकललं, हेही सांगते, कारण एका वाक्यानं सगळं बरं होतं असं मला म्हणायचं नाही. पण ते वाक्य तोंडातून निघेपर्यंत त्याच्याकडे फक्त दात होते. मनातली मोठी गोष्ट दाताऐवजी जिभेनं बाहेर काढायची, ही सवय मुलाला कशी लावायची ते या लेखात मांडते आहे. आईवडिलांसाठी लिहिते आहे, अंगणवाडीतल्या ताईंसाठीही, आणि पहिल्यांदाच पहिलीचा वर्ग हाती आलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांसाठीही.

उद्गार म्हणजे नेमकं काय

शब्दापासून सुरुवात करू. 'उद्गार' हा संस्कृत शब्द. त्याचा मुळातला अर्थ आतून वर येऊन बाहेर पडलेलं काहीतरी. संस्कृतात ढेकरेलाही उद्गार म्हणतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण मला हा अर्थ फार आवडतो. पोटात कोंडलेलं वर आलं की जीव हलका होतो, तसंच मनात कोंडलेल्याचं आहे. ते बाहेर यायलाच हवं. प्रश्न एवढाच, की ते किंचाळी म्हणून येतं, थप्पड म्हणून येतं, की वाक्य म्हणून.

उद्गाराची पहिली पायरी म्हणजे एकेकटे सुटे शब्द. वा! अबब! अरेरे! शी! छे! शाबास! अय्या! यांना केवलप्रयोगी अव्ययं म्हणतात. वाक्यातल्या बाकी शब्दांशी त्यांचं काही नातं नसतं, ती वाक्याच्या उंबऱ्याबाहेरच उभी असतात. लिंग बदला, वचन बदला, त्यांना काही होत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांची हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, प्रशंसादर्शक, तिरस्कारदर्शक अशी यादी असते. ती यादी सहा वर्षांच्या मुलाला पाठ करायला लावू नये. ती मोठ्यांनी आपल्यापुरती वाचावी आणि स्वतःला विचारावं, आपल्या घरात यातले कोणते शब्द रोज ऐकू येतात? पुष्कळ घरांत 'शी', 'छे' आणि 'गप' दिवसभर चालू असतात आणि 'वा' पाहुणे आले तरच निघतं. मूल तेच उचलणार.

दुसरी पायरी पूर्ण वाक्याची. "अबब! केवढा मोठा सरडा!" यातलं 'अबब' नुसतं दचकणं झालं. 'केवढा मोठा सरडा' म्हटल्यावर ऐकणाऱ्याला कळतं, की मूल कशानं दचकलं. पहिल्या पायरीवर भावना बाहेर येते, दुसऱ्या पायरीवर ती दुसऱ्या माणसापर्यंत पोचते. दोन-तीन वर्षांचं मूल पहिल्या पायरीवर असतं. चार ते सात या वयात त्याला हात धरून दुसरीवर आणायचं असतं.

मराठीनं दिलेली हत्यारं

आपल्या भाषेत हे काम करायला इतकी सोय आहे, की शिकवणाऱ्यानं ती नीट ओळखली तरी अर्धं काम होतं.

आधी प्रश्नाचेच शब्द घ्या. किती, केवढा, काय, कसला. "किती आंबे?" विचारलं तर उत्तर येतं, सात. "किती आंबे!" म्हटलं तर उत्तर नको असतं, दुसऱ्यानंही तिकडे बघावं एवढीच इच्छा असते. "काय केलंस?" आणि "काय केलंस!" यांतला फरक तर प्रत्येक मुलाला पाठ असतो, कारण दुसरं ऐकलं की ते दाराआड पळतं. लिहिताना फरक एका चिन्हाचा, बोलताना फरक सगळा सुराचा. म्हणून हे वाक्य कानानं शिकायचं असतं. डोळ्यांचं काम नंतर.

या चार शब्दांची कामं थोडी वेगळी आहेत. 'केवढा' आकाराला लागतो आणि नामाप्रमाणे बदलतो: केवढा साप, केवढी शेपटी, केवढं तोंड. 'किती' बदलत नाही आणि गुणाच्या मापाला लागतो: किती गोड, किती लांब, किती वाईट. 'काय' सरळ नामाला चिकटतं: काय ऊन आहे! 'कसला' दोन्हीकडे चालतो, कौतुकातही आणि नाराजीतही: कसला भारी घोडा! कसला हा रस्ता! सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार बघायला नेलेलं पोर यातलं पहिलं वाक्य वीस वेळा म्हणतं आणि परतीच्या वाटेवर दमल्यावर दुसरं.

मग येते क्रियापद गाळायची रीत. विधान असतं, "ही शिंगं फार मोठी आहेत." पोळ्याला रंगवलेल्या बैलासमोर उभं राहून असं कुणी म्हणत नाही. "केवढी ही शिंगं!" म्हणतात. 'आहेत' गळून पडतं, 'ही' मागे सरकतं आणि ज्यानं मन भरलं तो शब्द पुढे येतो. भावना मोठी झाली की वाक्य आखूड होतं. मुलांना हा नियम सांगायची गरज नाही. पण उद्गार काढणाऱ्या मुलाला "पूर्ण वाक्यात बोल" असं शिक्षकानं म्हणू नये, एवढ्यासाठी तरी तो शिक्षकाला माहीत हवा. "केवढी शिंगं!" हे पूर्णच आहे.

आणखी एक गंमत मराठीत आहे. जोर द्यायला आपण शब्दातलं व्यंजन दुप्पट करतो. मोठा होतो मोठ्ठा, किती होतं कित्ती, एवढा होतो एवढ्ढा. मुलं हे कुणी न शिकवता करतात. ते चूक नाही, ती त्यांची पहिली शैली आहे. मी दुसरीच्या वहीत 'कित्ती' लिहिलेलं खोडत नाही. शुद्धलेखनाच्या तासाला प्रमाण रूप वेगळं सांगते आणि वहीतलं तसंच ठेवते.

शेवटी ते बारके शब्द, जे भाषांतरात हरवतात. "पाऊस आला." आणि "पाऊस आला की!" या 'की'मध्ये सगळा आनंद मावतो. "नको ना!", "हो गं!", "नाही रे!", "बघ तरी!" हे रे, गं, ना, की, तरी ऐकणाऱ्याला जवळ ओढून घेतात. उद्गार एकट्यानं काढायचा असला तरी माणूस तो सहसा कुणाकडे तरी बघून काढतो.

राग येतो

आता व्याकरणातून थोडं मनाकडे.

मराठीत आपण म्हणतो, "मला राग आला." मला भीती वाटते. मला रडू येतंय. मला आनंद झाला. मला लाज वाटली. नीट पाहा, यातल्या एकाही वाक्यात 'मी' कर्ता नाही. राग येतो, पाहुण्यासारखा. तो मला येतो. आला तसा जातोही. भाषेनं आपल्याला किती मोठी गोष्ट घडवून हातात दिली आहे! पण मुलाबद्दल बोलताना आपण ती टाकून देतो. म्हणतो, "हा रागीटच आहे. ही रडकीच आहे. भित्रा आहे मेला." पाहुण्याला आपण घरमालक करून टाकतो. चार वर्षांचं मूल आपल्याविषयी मोठी माणसं जे बोलतात ते खरं मानतं आणि रडकं म्हणून जगायला लागतं.

म्हणून घरात एवढा एक बदल आधी करावा. "रागीट आहे" ऐवजी "त्याला राग आलाय". मुलासमोर, मुलाला ऐकू जाईल असं. मग मूलही एक दिवस म्हणतं, "मला राग आला!" ज्या दिवशी हे वाक्य पहिल्यांदा ऐकाल, त्या दिवशी हातातलं काम ठेवा. त्यानं हात उचलायच्या ऐवजी हे म्हटलेलं असतं.

आत काय चालतं तेही थोडक्यात सांगते. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक लहान भाग असतो. धोका, भीती, संताप यांची घंटा तो वाजवतो. जन्मापासूनच तो कामाला लागलेला असतो. त्या घंटेवर हात ठेवणारा, "थांब, बघू काय झालंय" म्हणणारा भाग कपाळामागे असतो आणि तो पुरता तयार व्हायला विशी उलटून जावी लागते. म्हणजे लहान मुलाजवळ घंटा मोठी आणि हात इवलासा. दीड ते चार वर्षांच्या वयात जमिनीवर लोळण घेणं, हातपाय आपटणं यामागे बऱ्याचदा हेच असतं. वाटतं खूप आणि सांगायला शब्द थोडे. 2007 साली मॅथ्यू लीबरमन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसांना भावनांनी भरलेले चेहरे दाखवले आणि त्या भावनेला नाव द्यायला सांगितलं, तेव्हा त्या बदामाची धडधड कमी झालेली यंत्रावर दिसली आणि मेंदूच्या पुढच्या बाजूचा एक भाग जागा झालेला दिसला. प्रयोग मुलांवर नव्हता, म्हणून त्याचा फार ताणून अर्थ लावत नाही. पण रडून रडून थकलेल्या मुलाला "भीती वाटली ना! केवढा मोठा आवाज झाला!" म्हटल्यावर त्याचा श्वास कसा सैल होतो, हे कुठल्याही आजीला माहीत आहे.

कुरडयांचा चीक

हे शिकवणं कसं घडतं ते मी आमच्या शेजारच्या गच्चीवर पाहिलं. एप्रिलमधली सकाळ. ऊन तापायच्या आत कुरडया घालायच्या म्हणून आजींनी पहाटेच चूल पेटवलेली. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक मोठ्या पातेल्यात शिजून चकचकीत झालेला, बाजूला सोऱ्या, खाटेवर ओलं धोतर पसरलेलं. चार वर्षांची नात घुटमळत होती. आजींची पाठ वळली आणि तिनं पातेल्यात बोट घातलं.

"हाऽऽ!"

नुसता आवाज. डोळे मोठे, बोट हवेत, आता भोकाड पसरणार. आजी वळल्या. "सांगितलं होतं ना!" असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी बोट धरून गार पाण्याच्या तांब्यात बुडवलं आणि त्या बोटाकडेच बघत म्हणाल्या, "माय वं! कितला गरम!"

नात हुंदका गिळून म्हणाली, "कितला गरम!"

"बोट भाजनं!"

"बोट भाजनं!" आणि मग रडली, पण थोडंच. पाच मिनिटांनी ताटलीत निवलेला चीक आला, वर तेलाची धार. पहिला घास तोंडात जाताच ती ओरडली, "कितला भारी!"

अहिराणीत 'किती' किंवा 'केवढा' याच्या जागी कितला, कितली, कितलं येतं. त्या पोरीनं दुःखात मिळालेला साचा पाच मिनिटांत आनंदाला वापरला. 'कितला' तोच, पुढचा शब्द तिचा स्वतःचा. तिला कुणी व्याकरण शिकवलं नाही. आजींनी तीन गोष्टी केल्या: तिला वाटत होतं तेच वाक्यात म्हटलं, तिच्याच बोलीत म्हटलं, आणि रागवायचं राहू दिलं. पातेल्यात बोट घालू नये हे त्यांनी नंतर सांगितलंच, चीक खाऊन झाल्यावर. क्रम महत्त्वाचा. कळ निवली की मूल ऐकतं. कळ चालू असताना दिलेला उपदेश फक्त आवाज असतो.

घरची बोली घरातच सोडायची नाही

इथं माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात वर्गात साप निघाला असं कुणी म्हटलं, की अर्धा वर्ग "माय वं!" म्हणून किंचाळायचा. मी म्हणायचे, "माय वं नाही, अरे बापरे म्हणायचं." मुलं शहाण्यासारखी "अरे बापरे" म्हणायला लागली. सगळी एका सुरात, प्रार्थनेसारखी. आणि माझ्या हळूहळू लक्षात आलं, की ती माझ्यासमोर दचकायचीच थांबली आहेत. मैदानात तेच गळे मोकळे, वर्गात बंद. शुद्ध बोलायची भीती बसली आणि बोलणंच आटलं.

उद्गार हा माणसाच्या तोंडून विचाराच्या आधी निघतो. ठेच लागली की परक्या भाषेत कुणी कण्हत नाही. खान्देशात घराघरांतून अहिराणी आहे, यावल-रावेरकडे लेवा गणबोली आहे, सातपुड्याच्या पाड्यांवर पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची. पाड्यावरून आलेल्या मुलाला शाळेची मराठी ही पहिल्या दिवशी दुसरीच भाषा असते. त्याला 'अरेरे' शिकवायच्या आधी त्याच्या घरी दुःख झालं की काय म्हणतात ते आपण विचारून घ्यावं, फळ्याच्या कोपऱ्यात लिहावं आणि स्वतः म्हणावं. बाईंच्या तोंडून आपला शब्द ऐकला की मुलाचा चेहरा कसा उजळतो, ते मी पाहिलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. धोरण केव्हा कुठवर उतरेल ते उतरेल, "माय वं!" ला मात्र आजपासून वर्गात बसायला जागा देता येते.

आता मी दोन्ही चालवते. मूल म्हणतं, "माय वं! कितला मोठा सरडा!" मी म्हणते, "माय वं! केवढा मोठा सरडा!" सुधारणा न करता नुसतं माझ्या तोंडून दुसरं रूप ऐकवते. दिवाळीपर्यंत मुलं दोन्ही बोलायला लागतात. घरी कितला, शाळेत केवढा, आणि कुठं काय हेही त्यांचं त्यांना कळतं.

रोज काय करायचं

वेगळा तास नको. माझ्या वर्गात हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणायच्या ऐवजी वाटेत दिसलेल्या एका गोष्टीवर एक उद्गार काढायचा असतो. "केवढा चिखल!" "बाई, कुत्रीला पिल्लं झाली की!" "शी, गटार!" सगळं चालतं. सुरुवातीला मुलं शेजाऱ्याचंच वाक्य म्हणतात. म्हणू द्यावं. आठवडाभरात कंटाळून स्वतःचं काढतात.

घरी सगळ्यात सोपा खेळ म्हणजे तीन सुरांचा. एकच वाक्य घ्यायचं, 'आजी आली' किंवा 'वांगं भाजलं', आणि सांगितल्यासारखं, विचारल्यासारखं, मग उद्गारासारखं म्हणायचं. हिवाळ्यात शेतात भरिताची वांगी काड्यांवर भाजताना हा खेळ फार रंगतो, कारण तिथं आनंद खरा असतो. मग पुढची पायरी: तेच वाक्य आनंदानं म्हण, रागानं म्हण, रडवेलं होऊन म्हण. "आजी गेली!" गावाला गेली म्हणून, आणि मला न घेता गेली म्हणून. सहा वर्षांचं मूल हा फरक असा करून दाखवतं, की मोठ्यांनी बघत राहावं.

एक गोष्ट मात्र आवर्जून शिकवावी, ती म्हणजे हळू आवाजातला उद्गार. उद्गार म्हणजे ओरडणं, अशी मुलांची समजूत होते, आणि पुष्कळ शिक्षकांचीही असते. झोपलेल्या बाळाकडे बघून कुजबुजत "किती इवलेसे हात!" म्हणता येतं. रागही हळू बोलता येतो. "मला फार राग आलाय!" हे दात न खाता, पाय न आपटता, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायला आम्ही सराव करतो. आणि त्याला लगेच कारणाची शेपटी जोडतो: "मला राग आला! माझी पट्टी न विचारता घेतली!" नुसता राग ऐकून समोरचा बिथरतो, कारण ऐकलं की निदान पट्टी तरी परत देतो.

उलट, खोटे उद्गार टाळावेत. मुलाच्या प्रत्येक रेघोटीवर "वा! किती सुंदर!" म्हटलं, की त्या शब्दांतला कस जातो. मुलांना ते ओळखू येतं. 'फूल फार सुंदर आहे' याचं 'किती सुंदर आहे हे फूल!' करा, अशा वाक्य-बदलाचंही तेच. उत्तर बरोबर येतं, गुण मिळतात, पण फूल कुणी पाहिलेलंच नसतं. आधी जास्वंद तोडून हातात द्यावी, मग वाक्य बदलायला सांगावं.

बोलकी नसलेली मुलंही असतात. त्यांच्यासाठी चेहऱ्यांची चित्रं ठेवावीत, बोट दाखवलं तरी तो उद्गारच समजावा. घाई करू नये.

"नको!"

सगळ्या उद्गारांत आपण मोठी माणसं ज्याला सगळ्यात कमी मान देतो, तो हा शब्द. पाहुण्यांनी गालगुच्चा घेतला आणि मूल "नको!" म्हणालं, तर आपण हसतो, म्हणतो, "काका आहेत ना, असं नाही म्हणायचं." मुलानं काय शिकलं? माझ्या अंगाबद्दलही माझा नकार चालत नाही. मुलींना तर वर आणखी ऐकवलं जातं, की पोरीच्या जातीनं एवढ्या मोठ्यानं बोलू नये. मुलग्यांना उलटं: "मुलगा असून रडतोस?" एकीचा राग दाबला, एकाचं रडू दाबलं. दोघांचीही अर्धी भाषा काढून घेतली.

लैंगिक अत्याचारापासून मुलांचं रक्षण करणारा पॉक्सो कायदा 2012 साली आला. 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो. पण भिंतीवरचा क्रमांक फिरवायच्या खूप आधी मुलाच्या तोंडून "नको! मला आवडत नाही! मी आईला सांगीन!" एवढं निघायला हवं. ते ऐन वेळी निघत नाही, सवयीनं निघतं. म्हणून गालगुच्च्याच्या वेळचं "नको!" मानायचं. पाहुण्याला हसून सांगायचं, "तिला नको आहे." तेवढ्यानं पाहुणा रुसला तर रुसू द्यावा. आम्ही वर्गात हा शब्द उभं राहून, पाय घट्ट रोवून, पोटातून म्हणतो. पहिल्या दिवशी अर्ध्या मुली ओढणीत तोंड घालून हसतात. महिन्याभरात भिंती हलवतात.

दांडू आणि विटी

चिन्ह सगळ्यात शेवटी. जुन्या मराठी लिखाणात, मोडीत तर शब्द तोडायचीही पद्धत नव्हती, विरामचिन्हं कुठून असणार? एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठी छापील लिखाणात रुजवली. म्हणजे "अबब" म्हणणारी माणसं शेकडो वर्षांची आणि त्या 'अबब'पुढची ती काठी दोनशे वर्षांचीही नाही. मुलांना मी ते चिन्ह विटी-दांडू म्हणून शिकवते: वर दांडू उभा, खाली विटी. दांडू बसला की विटी उडते, तसा आवाज उडतो. विटी दिसली की वाचतानाही सूर उडवायचा, सपाट वाचायचं नाही. एका वाक्याला एकच दांडू. तीन-चार काढले तर म्हणते, "एकानंच मार, नीट लागेल." हे दुसरीत पुरतं. पहिलीत मूल आपणहून काढत असेल तर काढू द्यावं.

केळीचा तो मुलगा त्या वर्षी श्रावणात एका सकाळी हजेरीच्या वेळी उभा राहिला. आडव्या पडलेल्या बागेतली खोडं त्याच्या वडिलांनी कापून ठेवली होती, बुडाशी पील, म्हणजे नवे कोंब, राखले होते. त्यानं तळहात जमिनीपासून वीतभर वर धरला आणि म्हणाला, "बाई, पील फुटनं! एवढं!" मग पाटी घेऊन खाली बसला आणि तेच लिहायला लागला. अक्षरं मोठाली, 'फुटनं'पर्यंत पाटी संपली. दांडू कसाबसा कडेला बसला. विटीला जागाच उरली नाही, म्हणून ती त्यानं पाटीच्या लाकडी चौकटीवर काढली.